म्हशीच्या नावानं

आमच्या गल्लीत ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे तोंड करून कुणी बोलत नाही. राग भावावर असतो, शिव्या कुत्रं खातं. गाऱ्हाणं सासूचं असतं, ऐकतो पाण्याचा नळ. वाळवा तालुक्यात, कृष्णेकाठी, उसात बुडालेलं आमचं गाव. मी आयुष्यभर सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा भाग नेहमी माझ्याकडे असायचा, कारण तो इतर कुणाला नको असायचा. दर वर्षी एखादा हुशार विचारायचा, "मॅडम, मग आत्ताची माकडं माणसं का होत नाहीत?" मी सांगायचे, त्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही. तेव्हा हे उत्तर मी वैतागून द्यायचे. गावी येऊन राहिल्यापासून मला ते मनापासून पटलेलं आहे.

भाषा कशासाठी आली हे समजावणारं एक चित्र पुस्तकांतून असतं. केसाळ बाप्ये भाले घेऊन एका मोठ्या जनावराभोवती उभे आहेत आणि त्यातला एक हात लांब करून बाकीच्यांना काहीतरी सांगतो आहे. म्हणजे माणसांनी मिळून काम करावं म्हणून भाषा आली. ते चित्र काढणारा माणूस एक दिवसही भावकीत राहिलेला नसणार. मिळून काम करायला आमच्याकडे कुणी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही.

आमचं घर आणि चुलत्यांचं घर लागून आहे. मध्ये कमरेएवढी दगडी भिंत, अलीकडे आमचा गोठा, पलीकडे त्यांचा. आई थोरली जाऊ, काकी धाकटी. दोघींचं बोलणं बंद झालं ते माझ्या भावाच्या लग्नात. हळद फोडायला पाच सवाष्णी बोलवायच्या होत्या. काकीला निरोप गेला नाही, किंवा गेला पण फार उशिरा गेला, किंवा ज्या बाईकडे दिला ती वाटेत दुसऱ्याच घरात चहा पीत बसली. प्रत्येक हकिकतीला साक्षीदार आहेत आणि सगळे शपथेवर बोलतात. पुढे दोघींचे नवरे गेले. भावाची मुलगी आता पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. तो निरोप मात्र काकीपर्यंत अजून पोचलेला नाही.

माकडांच्या टोळीतही आधी कुणी खायचं, कुणी कुठे बसायचं यावरून रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या होतात. पण मारामारी झाली की थोड्या वेळाने ती दोघं पुन्हा शेजारी येऊन बसलेली दिसतात. ही सोय आपल्या वाट्याला का आली नाही, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. सकाळी धार काढताना आई आपल्या म्हशीला म्हणायची, "खा, खा. दुसऱ्याच्या दावणीत किती टाकलंय त्ये बघत बघत खा. तुझं पॉट न्हाई भरायचं." की पलीकडे शेण ओढणारी काकी तिच्या म्हशीला म्हणायची, "लय मान वर करून चालतीस गं. मानाची म्हस तू. कुकू लावून मिरवायला न्हेऊ का तुला?" मग आई धार संपवायची, बादली खाली ठेवायची आणि म्हणायची, "कुनी बोलवलं न्हाई तर गप पडावं. लाथा काय झाडतीस?" एक बोलत असताना दुसरी चकार शब्द काढत नसे. कुणी कुणाचं वाक्य तोडत नसे. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या मीटिंगमध्ये इतकी शिस्त मी कधी पाहिली नाही. म्हशी दोन्हीकडे निवांत रवंथ करत असत. त्या चौघींत मला आदर वाटावा अशा त्या दोघीच होत्या.

निवृत्तीनंतर मी गावी आले ती आईसाठी. भाऊ-वहिनी त्याच घरात राहतात, पण माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे आईचं सगळं मीच बघायचं हे सर्वांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. दोनेक वर्षं मी रोज सकाळी हा तमाशा ऐकत चहा घेतला आणि मनातल्या मनात थुंकले. मग गेल्या दिवाळीच्या आसपास आईला अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या हॉस्पिटलात तिचा जीव वाचला. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, कळतही होतं. डोळे मिटा म्हटलं की मिटायची. पण "पाणी" म्हणायला तोंड उघडलं की नुसतं "ता, ता, ता" यायचं. तो आवाज ऐकून ती स्वतःच घाबरायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची.

घरी आणल्यावर गोठ्याला लागून असलेल्या पुढच्या सोप्यात तिची कॉट टाकली आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. विट्याकडचे एक मामेभाऊ आले. ते दूर दक्षिणेत सोनं गाळण्याच्या धंद्यात आहेत. ते कॉटशेजारी उभं राहून फोनवर तीन भाषांत बोलले आणि चौथ्या कुठल्याच भाषेत आईशी न बोलता गेले. आटपाडीच्या आत्या डाळिंबं घेऊन आल्या. आईला तेव्हा पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने द्यावं लागत होतं. फौजेतून सुभेदार होऊन आलेले भावकीतले एक चुलते रोज येऊन "हिम्मत रखनेका" म्हणायचे, आणि आपण बर्फात कसे राहिलो ते सांगायचे. सगळे आईशी ओरडून बोलत, जणू गेली ती वाचा नसून कान होते. आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "वळाकलं का मला? कोन हाय मी? सांगा बघू." आजारी माणसाची अशी तोंडी परीक्षा घेणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही. आई त्यांच्याकडे बघत राहायची. मला त्या सगळ्यांची किळस येत होती, आणि चहा मलाच ठेवावा लागत होता.

एके दिवशी दुपारी आई रडायला लागली. गल्लीतल्या बायका जमल्या. एक म्हणाली, मालकांची आठवण आली असंल. दुसरी म्हणाली, नातीला बघायचं असंल, बोलवून घ्या. तिसरीने वहिनीकडे बघत सुस्कारा सोडला, आणि मग वहिनीही रडायला लागली. माणसाचा मेंदू दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला घडलेला आहे असं मी शिकवत असे. त्या दुपारी तिथे एवढे मेंदू हजर होते. संध्याकाळी अंग पुसायला मी आईला कुशीवर वळवलं, तेव्हा पाठीखाली चादरीच्या घडीत मुंगळा सापडला. पाठ चावून चावून लाल झाली होती.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आईने पुन्हा पहिल्यासारखं घडाघडा बोलावं असं माझं म्हणणं नव्हतं. मुंगळा चावतोय, एवढं तिला सांगता यावं.

सांगलीहून वाचा सुधारणारी एक तरुण मुलगी आठवड्याला यायची. मुलगी कामाची होती, पण तिची चित्रं कुणीतरी भलत्याच देशात काढलेली होती. ती सफरचंदाचं कार्ड दाखवायची. आईने आयुष्यात सफरचंद पाहिलं ते फक्त आजारी माणसाच्या उशाशी. मग विमान, मग बर्फातली टोपी घातलेलं पोर. आई तिच्याकडे करुणेने बघायची. त्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे असतात. जो शब्द येईल तो रोज यायला हवा. वापरला नाही तर जातो." मी विचारलं, कुठला शब्द? ती म्हणाली, कुठलाही.

तो आला एका सकाळी. पलीकडे काकीच्या म्हशीने दावं ओढलं असावं. काकी ओरडली, "दावं तोडशील तर तंगडं मोडीन तुझं." आणि कॉटवरून, स्वच्छ, ठणठणीत, माझ्या आईचा आवाज आला, "मोड की मग. लंगडी म्हस तुझ्याच दारात शोबंल."

माझ्या हातातून चमचा पडला.  नंतर काकीचं भिंतीवरून डोकं दिसलं आणि लगेच खाली गेलं. मग ती म्हणाली, जरा हळू, चाचपून बघावं तसं, "आगं म्हशी, तुला बोलाय यायला लागलं व्हय?"

"यायला काय झालं," आई म्हणाली, "तुझ्यागत मुकी न्हाई मी."

त्या मुलीने नंतर समजावलं ते मला आधीच ठाऊक होतं. नवं वाक्य जुळवायची मेंदूतली जागा आईची मोडली होती. पण शिव्या, आरत्या, रोजची घासून गुळगुळीत झालेली बोलणी दुसऱ्या, जुन्या वाटेने येतात. विचार बंद पडला तरी राग चालू राहतो. निसर्गाने इतका काळ खपून हे डोकं घडवलं आणि त्यातलं सगळ्यात टिकाऊ काय निघालं, तर जावेला मारलेला टोमणा. मला हसूही आलं आणि आनंदाने रडूही आलं. दोन्ही मी गोठ्यात जाऊन आवरलं.

मग रोज सकाळी दोघींची जुंपायची. मी कॉट मुद्दाम भिंतीच्या बाजूला सरकवली. आणि गंमत अशी की भांडण झालं की पुढचा तासभर आईची जीभ सैल असायची. त्या वेळात इतर शब्दही निसटून येत. "चा." "पुरं." "हिकडं." एकदा मी उशी नीट करत असताना ती म्हणाली, "पाठ." मी पाठ खाजवली. तिने डोळे मिटले. त्या एका शब्दासाठी मी सबंध भावकीला माफ करायला तयार होते.

भावकीला मात्र माफी नको होती, तिला पुण्य हवं होतं. बघायला आलेल्यांसमोर आई म्हशीच्या नावाने शिव्या देते याची माझ्या भावाला लाज वाटायला लागली. तो मला म्हणाला, "ताई, तिचं किती दिवस राह्यल्यात कुनाला ठावं. शिव्या खात आनि शिव्या देत जायाचं का तिनं?" मी त्याला सगळं समजावलं. मेंदूचं चित्र कागदावर काढून दाखवलं. त्याने ते लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाला, "म्हंजी आतून शिव्याच राह्यल्यात. मग तर मिटवलंच पायजे." माझा भाऊ पदवीधर आहे.

सुभेदार आणि दूध डेअरीचे चेअरमन काकीकडे गेले. थोरलीचं काही खरं नाही, असलं ओझं घेऊन वर जाऊ नका, असं त्यांनी तिला सांगितलं. काकी घाबरली. देवळात तिच्याकडून भंडारा उचलून घेतला, म्हणजे देवाची हळद हातात धरून शपथ, की थोरल्या जावेशी पुन्हा भांडणार नाही. मग एके दिवशी दुपारी सगळे आमच्या सोप्यात जमले. काकी नवं लुगडं नेसून आली, आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आक्का, चुकलं माजं." चेअरमननी पेढ्यांचा पुडा फोडला. काकीने आईच्या तोंडात पेढा घालायचा आणि फोटो काढायचा असं आधीच ठरलेलं होतं. पेढा घातला, फोटो निघाला, आणि आईला ठसका लागला. ती निळी पडायला लागली. तोंडात बोट घालून मी तो पेढा बाहेर काढला तेव्हा चेअरमन फोनवर मान खाली घालून फोटो स्टेटसला टाकत होते. खाली हात जोडलेली चित्रं आणि भावकीच्या एकीबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याने त्याला अंगठे दाखवले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन्ही गोठे शांत. वहिनी मुकाट्याने धार काढायची, काकी मुकाट्याने शेण ओढायची. दहाच्या सुमारास काकी येऊन कॉटशेजारी बसायची आणि विचारायची, "बरं हाय का, आक्का?" आई भिंतीकडे बघायची. तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न तिला काकीने कधी विचारलेलाच नव्हता. पंधरवड्यात "हिकडं" गेलं. मग "पाठ" गेलं. शेवटी "चा"ही गेला आणि "ता, ता" परत आलं. भावाला वाटत होतं की आईचं मन शांत झालंय. तसं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचाही.

मी काकीच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काकी, परत भांडा."

"आगं, भंडारा उचललाय मी," ती म्हणाली. "वर त्वांड दाखवायचं हाय मला."

"आक्काशी भांडणार नाही म्हणून उचललाय. म्हशीशी भांडणार नाही असं कुठे म्हणालात?"

काकीने यावर बराच विचार केला. देवाच्या बाबतीत आमची माणसं वकिलासारखी असतात. "त्ये बी खरं," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ती भिंतीशी आली आणि घसा साफ केला. "काय गं म्हशी," ती म्हणाली, "लय... लय माजलीयास तू." गॅदरिंगमधल्या नाटकातली पोरं बोलतात तसा तो आवाज होता. "तुझं... तंगडंच मोडत्ये बघ." आईने मान वळवून क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. जे माकड उगीचच धोक्याची हाक देतं, त्याच्याकडे बाकीची टोळी लक्ष देईनाशी होते. हाक खरी असली तरच कान टवकारतात. हे मी फळ्यावर लिहून दमले होते, आणि तरी कुणी सांगितलं म्हणून शिव्या देता येतात असं मला वाटलं होतं.

थोड्या वेळाने काकी भिंतीला वळसा घालून आमच्या सोप्यात आली. कॉटच्या कडेला बसली. माझ्याशी बोलली की आईशी, ते मला कळलं नाही.

"राग येत न्हाई गं आता," ती म्हणाली. "सकाळी उटून आटवत बसले. हळदीचं आटवलं, त्या दिशी मी दारात नटून बसल्याली त्ये बी आटवलं. तरी येत न्हाई. कुटनं आनू?"

मला तिचा नाही, त्या चेअरमनचा आणि सुभेदाराचा संताप आला. एका बाईचं हक्काचं भांडण काढून घेऊन त्यांनी तिच्या हातात पेढ्याचा पुडा दिला होता, आणि त्याची किंमत माझी आई देत होती.

काकीची नजर आईच्या डोक्यावर गेली. "ह्ये काय केलंय केसाचं?" ती म्हणाली. खरंच वाईट अवस्था होती. पडून पडून मागच्या बाजूला केसांचा गोळा झाला होता. वहिनी वरवर फणी फिरवून अंबाडा घालायची, आणि मला तर स्वतःच्या केसांचंही कधी जमलेलं नाही. काकीने कोनाड्यातून खोबरेल आणि फणी घेतली, आईला उठवून आपल्या छातीशी टेकवलं आणि अंबाडा सोडला. आईने तोंड दुसरीकडे फिरवलं. बोलणं येण्याआधी एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचणं हेच बोलणं होतं, असं म्हणणारे काही शास्त्रज्ञ आहेत आणि मी ते वर्षानुवर्षं शिकवलं आहे. त्या वेळी ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही. फणी धुतलेली आहे का, एवढंच मी बघत होते.

काकी तेल जिरवत, बोटांनी गुंता सोडवत बसली.  मग गोळ्याच्या अगदी मुळाशी फणी अडकली. काकीने ओढली. तिच्या हाताला जनावरांची दावी ओढायची सवय.

"आगं ये भवाने," आई म्हणाली, "मुळासकट उपटतीस का काय?"

काकीचा हात तसाच राहिला. भाऊ दारात येऊन उभा होता, तो पुढे होऊन म्हणाला, "आई, काकीला असं बोलू..." मी त्याला बाहेर काढलं आणि कडी घातली. वळून पाहिलं तर काकी वाकून आईच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या वर्षांत त्या दोघींची तोंडं इतकी जवळ आलेली मी पाहिली नव्हती.

"मला म्हनलीस?" काकीने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

आईचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मला वाटलं, आता ते "ता, ता" येणार. मी कॉटची दांडी धरून उभी होते.

"तुलाच," आई म्हणाली.

काकीने फणी पुन्हा गुंत्यात घातली आणि या वेळी जाणूनबुजून ओढली.